वहीच्या बाजूनं

संदर्भसेवा मोजू नये, असं माझं मत होतं. नुसतं मत नव्हे, त्यावर चर्चासत्रांत मी तावातावानं बोलले आहे. राहायला टेंभी नाक्याला, नोकरी ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपालाची, आणि ग्रंथपालांच्या बैठकीत हा विषय निघाला की पहिला हात माझा. पुस्तकं किती आली, किती बाद झाली, देवघेव किती झाली ते खुशाल मोजा. पण एखाद्या मुलाच्या मनात नेमकं काय आहे ते काढून घेऊन त्याला योग्य पानापर्यंत नेण्याचं जे काम आहे, त्याच्या चार उभ्या काड्या आणि पाचवी आडवी, असला हिशेब मला मान्य नव्हता. आज मी दुसऱ्या बाजूला आहे. कशी आले ते सांगते, आणि आधीच सांगते की जुन्या मतातलं सगळं मी टाकून दिलेलं नाही.

त्या मताला आधार होता. ग्रंथालयशास्त्र शिकताना रंगनाथन डोक्यात बसलेले. त्यांची पाच सूत्रं 1931 ची. त्यातलं वाचकाचा वेळ वाचवा हे चौथं सूत्र आम्ही वर्गात घोकलं, तसं मी ते नोकरीतही घोकत राहिले. संदर्भसेवेचे त्यांनी दोन प्रकार केले. एक झटपट उरकणारी, कोश उघडला की उत्तर हातात; दुसरी लांब पल्ल्याची, जिथं वाचकाबरोबर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस शोधत राहावं लागतं. वर्गीकरण, तालिका, मांडणी हा सगळा खटाटोप शेवटी याच सेवेसाठी आहे, अशी त्यांची धारणा. त्यांच्याही आधी, 1876 साली, अमेरिकेतल्या वूस्टर गावचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातल्या वैयक्तिक संबंधांवर निबंध वाचला होता; या सेवेचा इतिहास सांगणारे तिथूनच सुरुवात करतात. दोघांना वाचून मी एवढंच घेतलं की हे माणसामाणसातलं काम आहे. आणि माणसामाणसातलं काम मोजायला लागलो की ते बिघडतं.

बिघडतं, हे तर डोळ्यांसमोर होतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक 1994 पासून आहे. तिच्या चौथ्या निकषात पायाभूत सुविधांबरोबर ग्रंथालय येतं, आणि तिथं विचारतात ते संगणकीकरण झालं का, ई-नियतकालिकं घेता का, पुस्तकांवर दरवर्षी किती खर्च होतो, आणि दिवसाला किती विद्यार्थी-शिक्षक ग्रंथालय वापरतात. हा वापर दाखवायचा दारातल्या रजिस्टरवरच्या सह्यांवरून आणि लॉगिनवरून. एप्रिलमध्ये आमच्याकडे सह्या दणकून वाढतात. परीक्षा हे एक कारण, वाचनकक्षातले पंखे हे दुसरं. एन-लिस्ट या ई-नियतकालिकांच्या सेवेवर एकाच बैठकीत चाळीस लेख उतरवून घेणारा आणि त्यातला एकही न उघडणारा विद्यार्थी आकडेवारीत मोठा अभ्यासू ठरतो. यात नॅकचा दोष आहे असं मी म्हणत नाही. चाळीस हजारांहून जास्त महाविद्यालयं-विद्यापीठांच्या देशात बाहेरून मोजता येईल तेच मोजणार. पण आमच्या अंतर्गत समितीनं ‘रोजचे संदर्भ प्रश्न’ असा नवा रकाना काढला तेव्हा माझं पित्त खवळलं. रकाना आला, तो भरावा लागला. स्टेपलर आहे का, लायब्ररी कार्ड हरवलं, झेरॉक्स कुठं, वायफायचा पासवर्ड, सगळं त्यात गेलं. वर्षअखेरीला आकडा असा काही भरघोस दिसायला लागला की प्राचार्य खूश आणि मी शरमलेली. मग माझ्या विरोधाला आणखीच धार चढली.

आता वाटतं, तो राग मोजण्यावर नव्हता. व्याख्या न करता मोजण्यावर होता.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या संदर्भसेवा विभागानं 2008 मध्ये जी व्याख्या स्वीकारली, ती मी तोवर नीट वाचलीच नव्हती. तिचा आशय असा: वाचकाची विशिष्ट माहितीची गरज भागवण्यासाठी कर्मचारी जेव्हा माहितीची साधनं सुचवतो, त्यांचा अर्थ लावून देतो, त्यांची पारख करतो किंवा स्वतः वापरून दाखवतो, तेव्हा तो संदर्भ-व्यवहार. जागा कुठं आहे, वेळ काय, प्रिंटर कसा चालवायचा, नियम काय, ही मदत त्यात धरायची नाही. वर्गात दिलेले रीतसर तासही नाहीत. वाचलं आणि आमच्या रकान्यातले बरेचसे प्रश्न जागच्या जागी गळाले.

टेंभी नाक्यावर राहणाऱ्याला ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. आमच्या नाक्यावरच्या पेपरवाल्याला दिवसभर लोक विचारतात, कोर्ट कुठं, जिल्हा परिषद कुठं, सिव्हिल कुठं. तो मान न उचलता हात दाखवतो. हे झालं दिशा दाखवणं. पण नव्या बांधकामासाठी सिव्हिल हॉस्पिटल हलवलं, त्यानंतर त्याला तोच प्रश्न इतक्यांदा यायला लागला की त्यानं पुठ्ठ्यावर लिहून टाकलं आणि स्टॉलला लटकवलं. इथं मात्र मी अमेरिकन व्याख्येच्या थोडी पुढं जाते. दिशेचा प्रश्न संदर्भसेवा नव्हे, कबूल. पण तोही स्वतंत्र रकान्यात मोजावा. झेरॉक्स कुठं हे महिनाभर रोज विचारलं जात असेल, तर मुलं बावळट नाहीत, आपली पाटी चुकीच्या भिंतीवर आहे.

व्याख्येनं अर्धं काम केलं. तरी उरलेले प्रश्न काड्यांत मावत नव्हतेच. एक उदाहरण देते.

प्रथम वर्षाची मुलगी काउंटरवर आली. “मॅडम, जेलचं पुस्तक आहे?” संगणकावर शोधलं असतं तर कारागृह सुधारणा, गुन्हेशास्त्र, तुरुंगातल्या आठवणी असं काहीबाही निघालं असतं आणि ती ते घेऊन गेलीही असती. मी विचारलं, कशासाठी हवंय? परिसरावर प्रकल्प आहे. कुठली जेल? “आपली. ठाण्याची. आमच्या घराजवळची.” तिच्याबद्दल काय हवंय? मग हळूहळू बाहेर आलं. ती भिंत ती लहानपणापासून बघते आहे, कुणीतरी तिला सांगितलं की हा मुळात किल्ला आहे, तिनं वर्गात तसं सांगितलं आणि सरांनी विचारलं, कशावरून? म्हणजे तिला पुस्तक नको होतं, पुरावा हवा होता, तोही सर मानतील असा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड 1882 चे. त्यातला चौदावा खंड स्थळवर्णनाचा. तो काढला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि पुरा व्हायच्या आत 1737 मध्ये मराठ्यांनी घेतलेला किल्ला, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांच्या ताब्यात गेलेला, पुढं तुरुंग झालेला. इंग्रजी वाचताना ती अडखळत होती, म्हणून दोघींनी मिळून उतारा वाचला. मग मराठीतून आणखी काही हवं म्हणाली, तेव्हा नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्याकडे वळलो. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी फाशी दिली ती याच तुरुंगात, हे तिला ठाऊक नव्हतं. घर शेजारी असून. जाताना गॅझेटियर पानासकट कसा नोंदवायचा ते तिला लिहून दिलं.

या सगळ्याची दारातल्या रजिस्टरात नोंद: एक सही. समितीच्या रकान्यात: एक काडी. स्टेपलरवाल्याचीही एकच काडी. माझं जुनं म्हणणं हेच होतं, आणि त्यावर मी अडून बसले होते.

मला हलवलं ते आमच्या परिचरांच्या वहीनं. त्यांना सगळे काका म्हणायचे. शिक्षण बारावी, पण कपाटं तोंडपाठ. मी बैठकीला, परीक्षेच्या कामाला किंवा रजेवर असले की मुलं त्यांना विचारायची. जे सांगता येईल ते काका सांगायचे आणि जे येणार नाही ते एका लांबट वहीत लिहून ठेवायचे, मॅडम आल्यावर विचारायचं म्हणून. प्रत्यक्षात मी आल्यावर त्यातलं थोडंच विचारलं जायचं. मी कामात असायची, मूलही निघून गेलेलं असायचं. ते निवृत्त व्हायच्या सुमारास टेबल आवरताना ती वही माझ्या हातात आली.

एका पानावरच्या ओळी जशा होत्या तशा: ‘अकाउंटचं मराठी पुस्तक आहे का (टीवाय)’. ‘कोळी लोकांची गाणी, छापलेली’. ‘जुन्या पेपरमधी गिरणी संपाची बातमी, तारीख माहीत नाही’. ‘कॉस्टिंग मराठी’. ‘वडिलांच्या सातबाऱ्यावर जे लिहिलंय त्याचा अर्थ’. ‘अकाउंट मराठी, परत तीच मुलगी’. पुढच्या पानावर पुन्हा मराठीतून वाणिज्य. त्याच्या पुढच्या पानावरही. बहुतेक प्रश्नांसमोर काकांनी वेळ लिहिली होती, आणि ती साडेचारच्या पुढची. मी तेव्हा माझ्या काचेच्या खोलीत संगणकावर अहवाल लिहीत असायची, नाहीतर ठाण्याची लोकल पकडलेली असायची.

आणि मी चर्चासत्रांत काय म्हणत होते? मुलं आता विचारतच नाहीत, त्यांना सगळं मोबाइलवर मिळतं. ती विचारत होती. मला विचारत नव्हती.

ही गोष्ट स्मरणशक्तीनं कधीच कळली नसती. मला माझे चांगले प्रश्न आठवत होते, जेलवालीसारखे, ज्यांत माझी हुशारी दिसली. वहीत होते ते न सुटलेले. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी वाणिज्याच्या पहिल्या वर्षाला कशी आपटतात, हे प्राध्यापकांच्या बैठकीत सगळेच बोलतात. पण पुस्तकखरेदीच्या यादीत त्याचा मागमूस नव्हता, कारण खरेदीच्या वेळी माझ्यापुढं फक्त विभागप्रमुखांच्या मागण्या असायच्या. त्या वर्षी यादी बदलली. मराठीतली वाणिज्याची पुस्तकं जी मिळाली ती आणली, जी नव्हती त्यांच्यासाठी शब्दसूची करून ठेवली. संध्याकाळची पाळी मी स्वतः घ्यायला लागले, निदान आठवड्यातून काही दिवस.

दुसरी गोष्ट कटू आहे. काका निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत हे नवं नाही, ग्रंथपालांचीच पदं वर्षानुवर्षं रिकामी असतात, तिथं परिचराचं काय. मी मागणीचं पत्र दिलं तेव्हा प्रशासनानं विचारलं, देवघेव तर कमी झाली आहे, मग माणूस कशाला? देवघेवीचा आकडा खरोखरच घसरला होता. काका दिवसभरात जे समजावून सांगत, जे शोधून देत, त्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. वही होती, ती न सुटलेल्यांची. सुटलेल्यांची नोंद मीच तत्त्वानं ठेवू दिली नव्हती. मोजू नका, हे माझं तत्त्व कुणाच्या पथ्यावर पडलं ते तेव्हा लख्ख दिसलं. जे काम कुठंच लिहिलेलं नाही, ते करणारं माणूस कमी करणं सगळ्यात सोपं.

गेल्या दोनेक वर्षांत तर प्रश्नांचा नवाच प्रकार आला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळं पदवीच्या मुलांना प्रकल्प आले, प्रकल्पाला संदर्भसूची आली, आणि सूची बनवायला चॅटजीपीटी आलं. मूल कागद पुढं करतं: लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पानं, सगळं चोख. एवढं पुस्तक द्या. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र कुणी लिहिलेलंच नाही. हे सिद्ध करायला वेळ लागतो. आमची तालिका बघा, इतर ग्रंथालयांच्या तालिका बघा, पुस्तक जुनं सांगितलं असेल तर दाते यांची 1800 ते 1937 ची मराठी ग्रंथसूची बघा, गरज पडली तर ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करा. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांनी 1893 मध्ये उभं केलेलं हे संग्रहालय आपल्या गावात आहे, आणि आमच्या मुलांतल्या बऱ्याच जणांना ते माहीत नाही, ही वेगळी खंत. एवढं करून हाती काय येतं? असं पुस्तक नाही. देवघेव शून्य. जुन्या हिशेबात हा अख्खा दुपारभराचा व्यवहार घडलाच नाही. आणि माझ्या मते आज महाविद्यालयीन ग्रंथालयात यापेक्षा महत्त्वाचं काम दुसरं नाही.

मग आता काय लिहितो आम्ही? कार्नेगी मेलन विद्यापीठात 2003 च्या सुमारास बेला कार गर्लिक यांनी प्रश्न मोजण्याऐवजी उत्तरामागचे श्रम मोजणारी सहा पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. पहिल्या पायरीवर चटकन, काही न उघडता दिलेलं उत्तर. सहाव्या पायरीवर तज्ज्ञाचं, दिवस खाणारं काम. कल्पना मला पटली, सहा पायऱ्या झेपल्या नाहीत. गर्दीच्या वेळी हे तिसरं की चौथं यावर वाद घालायला आमच्याकडे माणसं कुठं आहेत? आम्ही तीनवर आलो: जागेवर सांगितलं, उघडून दाखवलं, बसून शोधलं. काडीऐवजी विचारणाऱ्याच्या शब्दांत प्रश्न, काय दिलं ते, आणि मिळालं नसेल तर तसं स्पष्ट. ‘मिळालं नाही’ आणि ‘असं काही अस्तित्वात नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, ती वेगळी लिहायची. रोज लिहीत नाही. रोज लिहायचं ठरवलं की दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी बसून आठवणीनं भरणं सुरू होतं, आणि ते भरणं कसं असतं ते मला चांगलं माहीत आहे. सत्रातले काही आठवडे आधीच ठरवून घेतो: एक सुरुवातीचा, एक प्रकल्पांच्या धामधुमीतला, एक परीक्षेआधीचा. नवरात्राचा आठवडा मुद्दाम टाळतो. टेंभी नाक्याला तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि आमची निम्मी मुलं देवीच्या गर्दीत असतात. त्या आठवड्यातला आकडा खोटा नसला तरी वर्षाबद्दल काही सांगत नाही.

विचारणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. यावर मी जुनीच आहे. सातबाऱ्याचा अर्थ विचारणारा, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं पुस्तक मागणारी, एखाद्या आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहून आणणारं मूल, यांना आपण कुठंतरी नोंदलो गेलो असं वाटलं तर ती परत येणार नाहीत. वर्गाचं वर्ष आणि शाखा पुरे. तेही छोट्या विभागात लिहू नये, एम.ए.ला सहाच मुली असतील तर नाव न लिहिताही ती कोण ते कळतं.

एका गोष्टीवर अजूनही माझं समाधान नाही. जिन्यात, कॅन्टीनमध्ये, रात्री व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न कुठल्या आठवड्यात धरायचे? प्राध्यापकांचे सर्वांत लांबलचक प्रश्न नेमके तिथंच येतात. आणि हे आकडे उद्या कुणी ग्रंथपालांच्या मूल्यमापनाला जोडले, अमुक प्रश्न म्हणजे तमुक गुण असं केलं, तर आमच्या रकान्याचं जे झालं तेच या वहीचं होईल. तसं झालं तर मी पुन्हा विरोधात उभी राहीन, हेही इथंच नोंदवून ठेवते.

माझ्या महाविद्यालयीन ग्रंथपाल मित्रमैत्रिणींना, विशेषतः ज्यांनी माझी जुनी भाषणं ऐकून माना डोलावल्या त्यांना, एक विनंती आहे. जूनमध्ये सत्र सुरू होईल. तेव्हा काउंटरवर एक साधी दोनशे पानी वही ठेवा. सॉफ्टवेअरची वाट बघू नका, समितीचा नमुना मागू नका. तुमच्या परिचरांना सांगा की जे सुटलं ते आणि जे सुटलं नाही ते, दोन्ही मुलांच्या भाषेत लिहा, शुद्धलेखनाची फिकीर करू नका. आणि डिसेंबरात, पुस्तकखरेदीची यादी करायला बसण्याआधी, ती वही पहिल्या पानापासून स्वतः वाचा.